नाव विचारण्याचा हक्क कोणाचा?

निघोजे येथील समस्त ग्रामस्थ, खोलीमालक व भाडेकरू कामगार यांस सविनय निवेदन :

गेल्या उन्हाळ्यात गावच्या फेसबुक पानावर कोणा इसमाने टोपणनावाने लिहिले की, एका नळावर 40 खोल्यांचे पाणी भागत नसताना भाडे मात्र दरसाल वाढते. मजकूर खरा की खोटा, याची चौकशी कोणी केली नाही. चौकशी झाली ती लिहिणाऱ्याची. तिसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका कंत्राटी कामगाराच्या आधार कार्डाचे छायाचित्र आले, जन्मतारीख, मूळ गावचा पत्ता आणि बाराच्या बारा अंक स्वच्छ वाचता येतील असे. आणि खाली दोनच शब्द : ‘हाच तो.’ ते कार्ड त्याने पोलीस ठाण्यातील भाडेकरू-पडताळणीसाठी खोलीमालकाच्या हवाली केले होते. महिनाअखेर खोली रिकामी झाली. लिहिणारा तोच होता की दुसराच कोणी, हे आजतागायत कोणास ठाऊक नाही.

‘हिंमत असेल तर नावानिशी बोला’ असे म्हणणाऱ्यांचे घर बहुधा स्वतःच्या नावावर असते. 1848 पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहून पुण्याच्या ब्रह्मवृंदाची झोप उडविणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते व ‘लोकहितवादी’ या नावाआड लिहीत होते; त्यांना भित्रे म्हणण्यास आज कोणी धजेल असे वाटत नाही. इंग्रज सरकारनेदेखील 1867 च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव सक्तीचे केले, लेखकाचे नव्हे. 1897 साली ‘केसरी’तील ज्या मजकुरावर राजद्रोहाचा खटला चालला, त्यात टोपणनावाची एक कविताही होती; 18 महिन्यांची सजा ठोठावली गेली ती संपादक टिळकांना. जबाबदार कोणीतरी असावा, हे रास्तच आहे. परंतु तो कोण, हे ठरविण्याचे ठिकाण न्यायासन होय, चावडीवरचा घोळका नव्हे.

नाव उघडे पडण्याची किंमत आपल्या पंचक्रोशीला नवी नाही. चाकणहून निघणारा रस्ता ज्या तळेगावास पोहोचतो, तेथे माहितीच्या अधिकारात जमीन-व्यवहारांची दप्तरे उघडणारे सतीश शेट्टी 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरावयास निघाले असता मारले गेले. पोलीस संरक्षण त्यांनी आधीच मागितले होते. पुढे 2013 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने अर्जदाराला घरच्या पत्त्याऐवजी पोस्टपेटीचा क्रमांक देण्याची मुभा मान्य केली, आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणास मूलभूत हक्क ठरविले.

बुरख्याआडून आयाबहिणींची विटंबना करणारे नराधम आहेत, हे कोण नाकारतो? त्यांच्याविरुद्ध फिर्याद द्यावी; रीतसर तपासात अंमलदार फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या कंपनीकडून खात्याचा माग काढू शकतात. त्यासाठी शेजाऱ्याचा दस्तऐवज वेशीवर टांगावा लागत नाही.

सबब विनंती अशी की, भाडेकरूने शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे व प्रतीवर ‘केवळ पोलीस पडताळणीसाठी’ असे तारखेसह आडवे लिहावे. मालकाने काम होताच मोबाइलमधील छायाचित्र पुसावे. आणि गटाच्या चालकाने सदर कामगाराचे कार्ड, जे अद्याप तेथे दिसते, आजच काढून टाकावे.

पत्रकाखाली छापखान्याचे नाव आहे. आक्षेप तेथे लेखी द्यावेत, उत्तर मिळेल.

— एक खोलीमालक, निघोजे, तालुका खेड