दीर, दूर आणि महाग

परकी भाषा शिकवणारे कोणतेही पुस्तक उघडा, पहिल्या धड्यात नमस्कार-चमत्कार ठरलेले. तुमचे नाव काय, माझे नाव अमुक, आज हवा छान आहे. परमुलुखात गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात खरोखर काय बोलतो, याची पुस्तककर्त्यांना दाद नसावी. तो म्हणतो, 'बाप रे, केवढं महाग!' आमच्या आईने तरी डच भाषेचा श्रीगणेशा याच वाक्याने केला, आणि तो गिरवून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

माझी धाकटी बहीण नेदरलंड्समध्ये आइंडहोव्हनला असते. तिच्या बाळंतपणासाठी गेल्या वर्षी आई तिकडे गेली. व्हिसाचे मोजून नव्वद दिवस. आईने उभा जन्म पुण्याच्या मंडईत भाजी घेतली. वडिलांच्या बेताच्या पगारात घर चालले ते तिच्या जिभेवर. जुडी उचलायची, न्याहाळायची आणि काही न बोलता पुन्हा खाली ठेवायची, ही तिची तऱ्हा पाहून भले भले भाजीवाले नरमलेले मी पाहिले आहेत. अशी ही बाई तिकडच्या आठवड्याच्या बाजारात मुकी झाली. बहीण बोले, भाजीवाला बहिणीकडे बघून उत्तर देई आणि आई पिशवी धरून उभी. रात्री फोनवर मला हिशेब ऐकवी, "कोथिंबिरीची एवढीशी जुडी, दीड युरो! म्हणजे दीडशे रुपये!" प्रत्येक वस्तूला शंभराने गुणता गुणता तिने आठ दिवसांत कोथिंबीर खाणेच सोडले. मग एकदा म्हणाली, "अरे, तू भाषेचा मास्तर ना? महाग आहे एवढं तरी बोलायला शिकव मला."

मला डच कुठे येत होते? पण विद्यार्थ्यापेक्षा एक धडा पुढे असले की शिकवता येते, हे गुपित आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे.

महाग या अर्थाचा डच शब्द आहे 'द्यूर'. लिहिला तसा तो उच्चारता येत नाही, आणि चुकला की पंचाईत. 'दीर' म्हणालात तर अर्थ होतो जनावर. (हे ऐकून बहिणीला आपल्या यजमानांच्या धाकट्या भावाची आठवण झाली, ते सोडा.) 'दूर' म्हणालात तर कामसू, करता माणूस. आणि मधेच कुठेतरी जीभ घसरली तर दरवाजा. भाजीवाल्याला 'ही कोथिंबीर फार दरवाजा आहे' असे सांगून काय उपयोग? शेवटी युक्ती सापडली. तोंडातल्या तोंडात 'दीर' म्हणायचे आणि ओठांचा चंबू मात्र 'दूर' म्हणतानाचा ठेवायचा. आईला तिसऱ्या खेपेस जमले. आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना 'ऋ' इतक्या लवकर जमत नाही.

'फार' म्हणजे प्रमाणाबाहेर, यासाठी आधी 'तं' लावायचा. 'तं द्यूर.' झाले वाक्य! केवढ्याला, हे विचारायचे तर 'वत कॉस्त दत?' उत्तरात जे आकडे येतात ते ऐकून इंग्रजीत वाढलेली माणसे गडबडतात, कारण डच माणूस पंचवीसला 'पाच-आणि-वीस' म्हणतो, त्रेचाळीसला 'तीन-आणि-चाळीस'. आईला यात नवल वाटेना. "मग काय वीस-पाच म्हणायचं?" तिने विचारले. नवल तिला वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. तिथे एक आणि दोन सेंटांची नाणी दुकानात चालत नाहीत. रोखीने द्यायची रक्कम जवळच्या पाच सेंटांवर नेतात. २.९८ चे ३ होतात. २.९७ चे २.९५ होतात, हे मी तिला बजावून सांगितले. पण तिच्या लक्षात राहिले ते गेलेले दोन सेंट.

स्वस्ताला शब्द आहे 'खूटकोप', म्हणजे मुळात 'चांगली खरेदी'. स्वस्ताईच्या पोटात कोप आहे हे मराठी कानाला बरे वाटते. आणि अगदी भयंकर महाग असले तर 'पेपरद्यूर', मिऱ्याइतके महाग! हा शब्द ऐकून मी पुस्तक मिटून बसलो. ज्यांनी सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली, १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोची घेतली, त्या लोकांच्या तोंडी महागाईचे माप मिरी असावे यात नवल ते काय? आज तिथे मिरीची पूड कुणाही दुकानात मिळते. शब्द मात्र जुन्याच भावाने चालला आहे.

शेजारच्या आजीबाईंशी बोलायला आईला आणखी एक वाक्य दिले: 'अलस इज द्यूर खवोर्दन', सगळे महाग झाले आहे. २०२२ च्या सप्टेंबरात तिथले भाव वर्षभरात १४.५ टक्क्यांनी चढले होते. तेव्हापासून हे वाक्य कुणाहीपुढे टाकावे, मान डोलतेच. त्या दोघींची मैत्री याच एका वाक्यावर झाली.

खरी अडचण पुढे होती. घासाघीस. 'तं द्यूर' म्हटले की आपला भाजीवाला बोलायला लागतो. तिकडचा मान डोलावून गप्प राहतो, कारण तिथे भाव पाटीवर लिहिलेला आणि पाटीच खरी. 'महाग आहे' हे त्याच्या लेखी तुमचे मत झाले, मागणी नव्हे. मागणीला निराळे वाक्य लागते: 'कन अर ईत्स अफ?' यातून काही उतरेल का? हे जुन्या बाजारात चालते, २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी लोक घरचे सामान रस्त्यावर मांडतात तेव्हा तर हमखास चालते. कोथिंबिरीला चालत नाही. मी आईला हे स्पष्ट सांगितले. "तू वाक्य शिकव," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फोन आला. आवाजावरूनच कळले.

"विचारलं मी. एकटीनं."

"मग?"

"तो म्हणाला, 'ने, मेव्राऊ.' मेव्राऊ म्हणजे बाई ना? ने म्हणाला, मग मी नेली."

डच भाषेत 'ने' म्हणजे 'नाही'. हे तिला सांगावे की नाही, याचा मी क्षणभर विचार केला आणि सांगितले.

"ते कळलं मला नंतर. पैसे दीडच युरो घेतले त्यानं."

"म्हणजे कमी काहीच झालं नाही!"

"नाही झालं," आई म्हणाली. "पण नाही म्हणाला तो माझ्याकडे बघून. तुझ्या बहिणीकडे बघून नाही."