मागणीपत्र : मानसिक संकटाच्या फोनला आरोग्यसेवेचे उत्तर मिळावे

प्रति,
गृह विभाग व सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन

तीव्र मानसिक आजार असलेले शुभार्थी आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. शारीरिक आजाराच्या रुग्णाला ज्या दर्जाची रुग्णवाहिका मिळते, त्याच दर्जाची मानसिक आजाराच्या रुग्णालाही मिळाली पाहिजे, असे त्याचे कलम २१ सांगते. प्रत्यक्षात ‘पेशंट मारतो का?’ असे विचारून आधी पोलिसांना बोलवायला सांगितल्याचा अनुभव आमच्या सदस्यांना आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या घरच्यांना असे कोणी सांगत नाही. केवळ मानसिक आजार आहे म्हणून रुग्णवाहिका नाकारू नये. नाकारलीच, तर कारण व वेळ नोंदवून त्याची प्रत कुटुंबाला द्यावी.

आपत्कालीन मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक आहेतच. नवा क्रमांक आम्हाला नको. मुलगा गच्चीच्या कठड्यावर उभा असताना आईने एक फोन ठेवून दुसरा लावायचा, हे मात्र आम्हाला मान्य नाही. यांपैकी कुठेही फोन लागला, तरी तो न तोडता समुपदेशकाला त्याच कॉलवर जोडावे आणि मदत दारात पोहोचेपर्यंत लाइन चालू ठेवावी.

फोन घेणाऱ्यासमोर ठरलेली प्रश्नावली असावी : हातात शस्त्र आहे का, काही प्यायले वा गिळले आहे का, औषधे केव्हापासून बंद आहेत, घरात कोणाचे ऐकतात. शस्त्र किंवा इतरांच्या जिवाला धोका नसेल, तर रुग्णवाहिका आधी जावी. पोलीस लागलेच, तर साध्या वेशात आणि सायरन न वाजवता यावेत.

याच कायद्याच्या कलम १०० प्रमाणे पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या मानसिक आजारी व्यक्तीला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कोणत्या संस्थेत न्यायचे, याची अद्ययावत यादी प्रत्येक पोलीस ठाण्यात लावावी. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला कलम ११५ चे संरक्षण आहे. तिला किंवा तिच्या घरच्यांना गुन्ह्याची भीती घालणे थांबवावे.

राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चारच : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर आहे. जिवाला धोका असताना कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, ही कलम ९४ ची तरतूद अशा ठिकाणांसाठीच उपयोगी आहे. तेव्हा ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत’ या सबबीवर ग्रामीण रुग्णालयाने रुग्ण परत पाठवू नये. तसा लेखी आदेश निघावा, आवश्यक औषधे तिथे ठेवावीत आणि तज्ज्ञाचा सल्ला फोनवर मिळण्याची सोय करावी.

पोलिसांच्या नियमित प्रशिक्षणाची जबाबदारी कलम ३० ने शासनावर टाकली आहे. त्या वर्गांत शुभार्थी व शुभंकर यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे.

वरील व्यवस्था सहा महिन्यांत तीन जिल्ह्यांत सुरू करावी. त्यांपैकी एक आदिवासीबहुल असावा. देखरेख समितीत आमचे दोन प्रतिनिधी घ्यावेत. प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे.