सकळ लिपीचा धडा आणि चवदार तळ्याचा मजकूर

१/ चवदार तळ्यासारख्या विषयावर कष्टाने लिहिलेला मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या न विचारता उचलतात. मग तो यंत्राला कळणारच नाही असा का करू नये? शब्दांच्या पोटात अदृश्य चिन्हे पेरावीत, ‘आ’ न टंकता ‘अ’ला काना जोडावा, किंवा सारे लेखन चित्ररूपात टाकावे. मित्रहो, यामागचा राग रास्त आहे. उपाय मात्र मला घातक वाटतो, आणि त्याचे कारण मराठीच्याच इतिहासात आहे.

२/ महानुभाव पंथाचे उदाहरण पाहा. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्रा’त नोंदवल्या, त्या मराठीत. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केसोबासांना नागदेवाचार्यांनी अडवले. तसे झाले असते तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. वाचकाची एवढी थेट काळजी आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचितच आढळते.

३/ पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. पवित्र वचने परक्यांच्या हाती पडू नयेत, हा हेतू समजण्याजोगा होता. परिणाम असा झाला की हे अनमोल गद्य शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ठाऊकच नव्हते. पंथाविषयी नाना गैरसमज पसरले आणि ते खोडून काढू शकणारे ग्रंथ पोथ्यांच्या बासनांत पडून राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली आणि वि. ल. भाव्यांसारख्यांनी ते वाङ्मय लोकांपुढे मांडले.

४/ म्हणजे जिद्दी संशोधकासमोर संकेत टिकला नाही. तो टिकला सामान्य वाचकासमोर.

५/ आजही तेच घडेल. अदृश्य चिन्हे गाळायला संगणकाला एका ओळीची आज्ञा पुरते. चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली फुकट मिळतात. अडतो तो माणूस. ‘चवदार’च्या मध्ये एक अदृश्य चिन्ह बसले की शोधणाऱ्याला तो शब्द सापडतोच असे नाही. अंध विद्यार्थ्याचा पडदावाचक शब्द तोडून वाचतो. चित्रापुढे तर बहुधा मुकाच होतो. (मराठीत ‘दर्‍या’सारख्या शब्दांत अदृश्य जोडचिन्हाला खरे काम असते. तिथे ही खेळी लेखनाचीच मोडतोड करते.)

६/ तळ्याचे पाणी आणि मजकूर यांची तुलना मी टाळतो. अस्पृश्यतेचा अपमान कशाच्याही दाखल्यासाठी वापरू नये. पण महाडची कागदपत्रे पाहा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय आला तो मार्च १९३७ मध्ये. हा क्रम एखाद्या शाळकरी मुलीला सापडलाच नाही, तर ‘तळे कायद्याने आधीच खुले होते, मग सत्याग्रह कशाला’ या फसव्या प्रश्नाला ती काय उत्तर देणार?

७/ सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्यासाठी ते पत्र होते. एकाने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, असा तो काळ. आजचा पडदावाचक हे त्याच वाचून दाखवणाऱ्याचे काम करतो.

८/ ‘मग लुटू द्यायचे का?’ नाही. दलित लेखकांचे शब्द विनामोबदला वापरले जाणे हा अन्यायच आहे. पण तो भांडायचा कायद्याच्या मैदानात. आपला प्रताधिकार कायदा १९५७चा. अशी यंत्रे त्याच्या कल्पनेतही नव्हती. एएनआय वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यात नेमका हाच प्रश्न आहे. लेखकांच्या संघटनांनी तिकडे लक्ष घालावे. शिवाय नेटका मजकूर आपण झाकला तरी महाडविषयीचा खोटा मजकूर कोणी झाकत नाही; यंत्र तोच शिकेल आणि उद्या तोच विद्यार्थ्यांना सांगेल.

९/ म्हणून या धाग्यातला मजकूर साधा, शोधता येणारा राहील. परवानगीविना प्रशिक्षणासाठी वापरू नये, ही सूचना शेवटी स्पष्ट शब्दांत असेल. पुढील भाग डिसेंबर १९२७ च्या परिषदेवर.