यंत्राला ‘आई’ कळते का?

‘माझं आईशी पटत नाही’, असे कुणी लिहावे आणि समोरून लगेच प्रश्न यावा, ‘घरच्यांविषयी आणखी काही सांगाल?’ विचारणारा कुणी डॉक्टर नव्हे, तर संगणकावरचा प्रोग्रॅम! तोही आजचा नाही, १९६६ सालचा.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी हा इंग्रजीतून बोलणारा प्रोग्रॅम तयार केला आणि त्याचे नाव ठेवले ‘एलायझा’. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातली ही फुलवाली. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. नाटकातली मुलगी शिकवलेले बोलते, तशीच ही यंत्रातली एलायझाही!

तिची युक्ती साधी होती. वाक्यात ‘आई’ शब्द सापडला, की कुटुंबाविषयी विचारायचे. ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ घालून वाक्य परत करायचे. काहीच सापडले नाही, तर ‘बरं, पुढे सांगा’. आई म्हणजे काय, याचा तिला पत्ताही नव्हता.

तरीही नवल घडले. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने हे काम कित्येक महिने डोळ्यांदेखत पाहिले होते. पण ती स्वतः एलायझाशी बोलू लागली आणि चार-दोन वाक्ये होताच तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले! वायझेनबॉम अस्वस्थ झाले. यंत्राला जमते म्हणून प्रत्येक काम त्याच्यावर सोपवू नये, असे त्यांनी १९७६ साली पुस्तक लिहून बजावले.

आजचे प्रोग्रॅम एलायझाच्या कितीतरी पुढे गेले आहेत. अफाट मजकुरावरून ते शब्दांची संगती शिकतात, मराठीतही गप्पा मारतात. याला ‘समज’ म्हणावे का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण आपल्याला कुणी समजून घेतले असे वाटण्यासाठी समोर खरी समज असावीच लागते असे नाही, हे मात्र सेक्रेटरीबाईंनी दाखवून दिले. शब्दांतली माया पुष्कळदा आपणच भरतो.

म्हणून घरातले मूल आपले दुःख यंत्राला सांगत असेल, तर रागावू नका. यंत्र मध्येच बोलणे तोडत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करीत नाही. आपल्याला तर मुलाचे मन कळूही शकते. फक्त ऐकायला सवड नसते. आज जेवणे झाल्यावर त्याच्याजवळ बसा आणि एवढेच म्हणा, ‘बरं, पुढे सांग.’