पाणी स्वच्छ, हवेचे काय?

आपल्या मेसमधले बिस्किट आणि अंगाचा साबण, दोन्हींत बहुतेक वेळा पाम तेल असते. सुट्टीत आंध्रातून महाराष्ट्रात घरी जाताना एलुरूच्या आसपास रेल्वेतून या तेलताडाच्या बागा दिसतात. फळांचे घड तोडल्यावर साधारण २४ तासांत गिरणीत पोहोचवावे लागतात, म्हणून गिरण्याही बागांजवळच असतात.

गिरणीत घड वाफेवर शिजवून तेल काढतात. एक टन तेलामागे सुमारे अडीच टन सांडपाणी निघते. ते तपकिरी, आंबट आणि कढत असते. विषारी नसले तरी त्यातली सेंद्रिय घाण घरगुती सांडपाण्याच्या जवळजवळ शंभर पट असते. ते ओढ्यात सोडले, तर घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात.

मलेशियाने १९७७ मध्ये यावर नियम केले. तेव्हापासून तिथल्या बहुतेक गिरण्या तळ्यांची रांग वापरतात. आधी पाणी निववतात. मग खोल तळ्यांत हवेविना जगणारे जिवाणू घाण खातात. उरलेले काम उथळ तळ्यांत हवा आणि ऊन करतात. रसायने जवळजवळ लागत नाहीत, म्हणून या पद्धतीला नैसर्गिक म्हणतात.

पण माझ्या मते उघडे तळे म्हणजे अर्धेच काम. खोल तळ्यातून मिथेन निघतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून जास्त उष्णता अडवतो. तपासणीच्या सकाळी पसारा कपाटात कोंबला की खोली नीट दिसते, तसेच हे झाले. तळे झाकले, तर तोच वायू इंधन म्हणून वापरता येतो.

कोणी म्हणेल, झाकणाला खर्च येतो. खरे आहे. शिवाय गिरणीला या वायूची गरजही नसते, कारण बॉयलरसाठी फळाचा चोथा आणि कवच पुरते. म्हणूनच हे मालकाच्या मर्जीवर सोडू नये.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने तेलताडाची लागवड वाढवण्यासाठी ११,०४० कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. बागा वाढल्या की गिरण्याही वाढणार. बांधलेल्या तळ्यावर नंतर झाकण बसवण्यापेक्षा सुरुवातीलाच ते आराखड्यात धरणे सोपे. नव्या गिरणीला परवानगी देतानाच झाकलेल्या तळ्याची अट घालावी, असे मला वाटते.