बोगदा आणि बस

रस्ता कोणाचा? ज्याची मोटार त्याचा, असेच आजवर दिसत आले. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी मलबार हिलच्या पोटातून सुमारे 2 किलोमीटरचे जोडबोगदे खोदले. मार्च 2024 मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला; बेस्टची बस त्यावर धावली ती जुलैत. माझ्या मते खरे उद्घाटन त्या दिवशी झाले.

हे भातसानगरच्या मुलीने का बोलावे? मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत आमचा भातसा सर्वांत मोठा. समृद्धी महामार्गही आमच्याच शहापूर तालुक्यातून गेला. 5 जून 2025 रोजी त्याचा शेवटचा टप्पा सुरू झाला, कसारा-इगतपुरीजवळच्या जवळजवळ 8 किलोमीटरच्या बोगद्यासह. घाट मिनिटांत पार! पण कॉलेजकन्येला घाट पार करायचा नसतो. सकाळचा तास गाठायचा असतो नि अंधारापूर्वी घरी यायचे असते.

17 मार्च 2023 पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. उत्तमच. परंतु गाडीच नसेल तर तिकीट कशाचे काढावे? घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे शिक्षण कित्येकदा एका फेरीवर अवलंबून असते. फेरी बंद, की घरचे म्हणतात, “पुरे झाले आता.”

खेड्यातील फेऱ्या तोट्यात जातात, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या किनारी रस्त्यावर टोलदेखील नाही; तेथे नफा-तोटा कोणी पाहिला?

मित्रहो, नव्या रस्त्याची फीत कापली जाईल त्याच दिवशी त्या तालुक्यातील गावोगावच्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्याही ठरल्या पाहिजेत, अशी मागणी आपण करू या.