पळाले की पळण्याचे सोंग केले?

आमच्या इतिहास मंडळात दर महिन्याला एका लढाईचे सँड मॉडेल मांडले जाते. ज्या पालकांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी चौकटीत वाळू पसरून टेकड्या आणि नाले करायचे, रंगवलेल्या भुशाचे जंगल, निळ्या रांगोळीचे पाणी, आणि टाचण्यांना कागदाचे तुकडे लावून दोन्हीकडच्या तुकड्या. मग हातात पॉइंटर घेऊन दहा मिनिटांत लढाई सांगायची. या सत्रात माझी पाळी होती आणि मी निवडली होती ग्रुनवाल्डची लढाई, १५ जुलै १४१०.

सगळे ठीक चालले होते. लिथुआनियाची उजवी बाजू फुटते, त्या ठिकाणी मी त्यांच्या हिरव्या टाचण्या उपटून मॉडेलच्या कडेला आडव्या टाकल्या आणि म्हणालो, हे भित्रे निघाले, लढाई जिंकली ती पोलिश सरदारांनी. मागच्या बाकांवर हशा पिकला. मलाही बरे वाटले. हशा ओसरल्यावर आमच्या उस्तादांनी बसल्या जागेवरून विचारले, "किसने देखा?"

मी म्हणालो, "द्वुगोश लिखता है, उस्ताद."

"वो था वहाँ?"

माझ्याच हातातल्या कार्डावर मी सुंदर अक्षरात लिहिले होते : यान द्वुगोश, जन्म १४१५. लढाईनंतर पाच वर्षांनी.

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे. आपण लढाया शिकतो त्या तारीख, सेनापती, संख्या, निकाल अशा क्रमाने. 'हे कोणी पाहिले' हा रकाना आपल्या वहीत नसतो. तो असायला हवा असे माझे मत आहे, आणि पोलंडच्या अभ्यासकांनी स्वतःच्या सर्वांत लाडक्या विजयाबाबत तो कसा भरला हे कॅडेटांनी वाचण्यासारखे आहे.

पोलंडच का, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. गेल्या वर्षी सामन्यांसाठी आमचा संघ जामनगरजवळ बालाचडीला गेला होता. तिथल्या सैनिक शाळेच्या आवारात एक स्मारकस्तंभ आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेल्या पोलिश मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी १९४२ साली याच जागेवर आसरा दिला. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सामना आम्ही हरलो, पण परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात पोलंड होता. परत आल्यावर लायब्ररीत जे मिळाले ते वाचले आणि ग्रुनवाल्डपाशी थांबलो.

लढाई थोडक्यात अशी. एका बाजूला ट्युटोनिक नाइट्स, म्हणजे पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस लावणारे जर्मन धर्मयोद्धे; त्यांचा प्रमुख उलरिख फॉन युंगिंगेन. दुसऱ्या बाजूला पोलंडचा राजा यागेवो आणि लिथुआनियाचा महाराजा, त्याचा चुलतभाऊ व्यतौतास. यागेवोने सकाळी हल्ला करायची घाई केली नाही, तो प्रार्थनेत राहिला. शेवटी नाइट्सच्या प्रमुखाने त्याला डिवचण्यासाठी दोन नंग्या तलवारी पाठवल्या. दिवस मावळेपर्यंत प्रमुख स्वतः आणि त्याचे बहुतेक वरिष्ठ सरदार मेले होते. नाइट्सची ताकद यानंतर पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही.

आता द्वुगोशकडे वळू. त्याच्या म्हणण्यानुसार लढाईच्या पहिल्या भागात लिथुआनियाचे सैन्य मागे हटले आणि पळत सुटले. काही जण तर थेट घरापर्यंत धावले आणि पोलंडचा राजा हरला अशी बातमी त्यांनी तिकडे पसरवली. त्या बाजूला टिकून राहिल्या त्या फक्त स्मोलेन्स्कच्या तीन तुकड्या. पाचशे वर्षे जवळजवळ सगळ्यांनी हेच वाचले. मीही.

पण द्वुगोशला हे कोणी सांगितले? त्याचे वडील त्या लढाईत होते. आणि तो ज्यांच्याकडे चिटणीस होता ते क्राकूफचे बिशप ओलेश्नित्स्की तरुणपणी राजाच्या सोबत रणांगणावर होते. राजावर धावून आलेल्या एका नाइटला त्यांनी पाडले, असे द्वुगोशच लिहितो. म्हणजे साक्षीदार चांगले होते. मात्र हेच बिशप पुढे व्यतौतासला लिथुआनियाचा राजा म्हणून मुकुट मिळू नये यासाठी झटले. द्वुगोशने आपला मोठा इतिहास लिहायला घेतला तो १४५५ साली, लढाईला पंचेचाळीस वर्षे होऊन गेल्यावर. चिटणीस धन्याच्या शत्रूंबद्दल कसे लिहितो हे बखरी वाचणाऱ्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. तो खोटारडा होता असे मी म्हणत नाही. नाइट्सकडून जिंकलेली ५६ निशाणे त्याने १४४८ मध्ये एका चित्रकाराकडून रंगीत काढून घेतली आणि प्रत्येकाखाली माहिती लिहिली. मूळ निशाणे केव्हाच नष्ट झाली. ती कशी होती हे आज कळते ते त्या चित्रांमुळे. असा माणूस लढाईबद्दल बेफिकीर नव्हता. बाजू मात्र त्याला होती.

मग १९६३ साली स्वेन एकडाल या स्वीडिश इतिहासकाराने एक पत्र छापले. ते नाइट्सच्याच जुन्या दप्तरात होते आणि लढाईनंतर थोड्याच वर्षांनी त्यांच्या प्रमुखाला लिहिलेले होते. त्यातला सल्ला साधारण असा : पुढच्या लढाईत शत्रू एक-दोन तुकड्या मुद्दाम पळवील, तुमची रांग मोडावी म्हणून, मोठ्या लढाईत असेच झाले होते, तेव्हा आपल्या लोकांना रांगेत धरून ठेवा. हे मी दोनदा वाचले. सल्ला देणारा हरलेल्या बाजूचा. लिथुआनियाच्या लोकांना शूर ठरवण्यात त्याचा काहीच फायदा नव्हता. त्याला फक्त पुन्हा तसे फसायचे नव्हते.

पाठलागाच्या भरात रांग मोडली की काय होते हे आपल्याला फील्ड क्राफ्टच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात. तरीही मला मॉडेल करताना ही शंका आली नाही, कारण पुस्तकात 'पळाले' असे लिहिले होते.

या पत्राने वाद मिटला असेही नाही. ते ठरवून केलेले सोंग होते, की सुरुवातीला खरेच पाय निघाले आणि काही जण नंतर सावरून परतले, यावर पोलंडमध्ये आजही दोन मते आहेत. मला आवडले ते दुसरेच. एका परक्या माणसाने, शत्रूच्या कागदातून, राष्ट्रीय विजयाच्या ठरलेल्या गोष्टीला हात घातला. आणि २०१० साली, लढाईच्या सहाशेव्या वर्षी, त्याचे पुस्तक पोलिश भाषेत निघाले.

कागद एवढे सांगतात. मग जमीन काय सांगते? इथे मला धक्काच बसला. एवढी मोठी लढाई, मग शेत नांगरले की तलवारी निघत असतील असे मला वाटायचे. तसे होत नाही. त्या काळी लोखंड महाग होते. जिंकणाऱ्यांनी आणि आसपासच्या लोकांनी रणांगण धुऊन नेले. लढाईनंतर नाइट्सनी तिथे एक प्रार्थनाघर बांधले. त्याच्या अवशेषांभोवती विसाव्या शतकात उत्खनन झाले तेव्हा सामूहिक दफने मिळाली, हाडांवर शस्त्रांच्या घावांच्या खुणा होत्या. गेल्या काही वर्षांत तिथले संग्रहालय परवानगी काढून, देशोदेशीच्या हौशी डिटेक्टरवाल्यांना बरोबर घेऊन, शेते रांगेने तपासते आहे. बाणांची टोके, भाल्यांची पाती, पट्ट्यांच्या कड्या, आणि २०२० मध्ये दोन चांगल्या अवस्थेतल्या कुऱ्हाडी. प्रत्येक वस्तू नेमकी कुठे मिळाली याची नोंद होते, कारण त्या जागा नकाशावर मांडल्या तरच कळेल की लढाईचा जोर कुठे होता. हौशी माणसाने खिशात घातलेली कडी ही फक्त कडी असते.

शस्त्रांचा असा अभ्यास पोलंडमध्ये नवा नाही. वूच शहरात (आपल्या नकाशात ते लोड्झ म्हणून असते) आंद्झेय नादोल्स्की नावाचे पुरातत्त्वज्ञ होते. दहाव्या ते बाराव्या शतकातल्या पोलिश शस्त्रांवर त्यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहिले आणि पुढे ग्रुनवाल्डवरही लिहिले. तलवार कोणत्या राजाची होती याआधी ती किती लांब आहे, तिची मूठ कशी आहे, तशीच दुसरी कुठे सापडली, हे प्रश्न विचारायची ही पद्धत. ती वाचायला जरा कंटाळवाणी आहे, खोटे कशाला बोलू.

पण तिचा उपयोग लेदनित्सा तलावाच्या गोष्टीत कळतो. पोझनान आणि ग्निएज्नो यांच्यामधल्या या तलावात एक बेट आहे. पोलंडच्या पहिल्या राजवंशाचा तिथे कोट होता आणि दोन लांब लाकडी पूल त्याला किनाऱ्याशी जोडत. तोरुन विद्यापीठाच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी ते पूल तळाशी शोधले. खांबांच्या लाकडातली वर्तुळे मोजून पूल ९६३-६४ च्या सुमाराचे ठरले. पुलांजवळच्या गाळातून शंभराहून अधिक कुऱ्हाडी, भाले आणि तलवारी निघाल्या. लगेच म्हणावेसे वाटते : इथे लढाई झाली! ती झालीही असेल, कारण १०३८-३९ च्या सुमारास चेक ड्यूक ब्रेतिस्लाव चालून आला होता. पण शस्त्रे विधी म्हणून पाण्यात सोडली असतील असेही काही अभ्यासक म्हणतात. शस्त्र सापडले म्हणजे लढाई सापडली असे नाही.

माझ्या शेजारच्या बेडवरचा कॅडेट हे सगळे ऐकून वैतागला. त्याचे म्हणणे असे की आपण इथे प्रोफेसर व्हायला आलेलो नाही. ज्याला उद्या हल्ला करायचा आहे त्याला विजयाच्या गोष्टी लागतात, शंका लागत नाहीत. लाइट्स-आउटनंतर आमचा वाद एवढा चढला की हाउस मास्टर येऊन गेले.

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. विजयाच्या गोष्टीची गरज पोलंडइतकी कोणाला होती? १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षे तो देश नकाशावर नव्हताच. त्या काळात, १८७८ साली, मातेइकोने ग्रुनवाल्डचे प्रचंड चित्र रंगवले. १९१० मध्ये क्राकूफला स्मारक उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते पाडले, पोलिश लोकांनी १९७६ मध्ये पुन्हा बांधले. जर्मनांनाही ही लढाई इतकी सलत होती की १९१४ मध्ये त्याच भागात रशियाला हरवल्यावर त्यांनी त्या विजयाला मुद्दाम टॅनेनबर्ग हे नाव दिले. ग्रुनवाल्डच्या लढाईला ते याच नावाने ओळखत. आपल्या लष्करी इतिहासाच्या पुस्तकातले टॅनेनबर्ग ते हेच.

एवढे सगळे ज्या लढाईवर टांगलेले आहे ती तपासायला काढणे सोपे नाही. आकड्यांचेच बघा. पोलंड-लिथुआनियाचे सैन्य कोणी १६ हजार म्हणतो, कोणी ३९ हजार. नाइट्सचे ११ हजारांपासून २७ हजारांपर्यंत. माझ्या कार्डावर मी मोठाच आकडा निवडला होता, कारण तो म्हणायला छान वाटत होता. तरी दर जुलैला हजारो लोक त्या मैदानावर जमतात, चिलखते घालून लढाई उभी करतात. शंकेने त्यांचा अभिमान कमी झालेला दिसत नाही. माझ्या मित्राला मी हे सांगितले. तो म्हणाला, "बघू."

त्याला एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. १९६२ मध्ये माझे आजोबा तेव्हाच्या नेफा भागात शिपाई होते. माघारीचा हुकूम आला आणि त्यांची तुकडी कित्येक दिवस जंगलातून चालत आसामात उतरली. सुटीवर गावी आले तेव्हा पारावर कोणीतरी विचारले, "पळून आलास व्हय रं?" बाकीचे हसले. आजोबा अजूनही त्या पारावर बसत नाहीत, देवळाच्या पायरीवर बसतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि तरी मी त्या हिरव्या टाचण्या उपटून कडेला टाकल्या.

रविवारी फोनवर मी त्यांना ग्रुनवाल्डची गोष्ट सांगितली, पत्रासकट. त्यांनी मध्येच विचारले, "मागं गेलेल्यांतले किती परत आले?" मी म्हणालो, काही जण परतले म्हणतात, पण नक्की किती ते कोणालाच माहीत नाही. थोडा वेळ फोनवर फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारले, "जेवलास का?"

मॉडेल अजून इतिहास कक्षात आहे. उस्तादांची परवानगी घेऊन मी हिरव्या टाचण्या परत उभ्या केल्या आहेत, जंगलाच्या कडेला, तोंड मैदानाकडे करून. शेजारी तीन कार्डे लावली आहेत. पहिल्यावर द्वुगोश काय म्हणतो ते, कधी लिहिले आणि कोणाच्या चाकरीत होता त्यासह. दुसऱ्यावर ते पत्र. तिसऱ्यावर जमिनीतून काय निघाले. त्या कार्डाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडला आहे. पुढच्या महिन्यात ज्याची पाळी आहे त्याने पानिपत घेतले आहे. त्याच्याही मॉडेलला अशी कार्डे असावीत असा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवला आहे. मतदान शनिवारी, गेम्सनंतर.